उत्तर लवकर येतंय

१

नाशिकहून सिन्नरकडे निघालं की डाव्या हाताला द्राक्षांचं एक जुनं शीतगृह लागतं. द्राक्षं तिथून केव्हाच गेली. आता त्या दोन हात जाडीच्या भिंतींच्या आड बसून अकरा माणसं गुरू ग्रहाभोवती फिरणारं एक यान चालवतात. पाहुण्यांना हे सांगताना अंजली गांगुर्डेची छाती दर वेळी थोडी फुगायची, आणि का फुगू नये? नऊ वर्षं ती या यानामागे होती. ते बांधताना होती, उडताना होती, आणि आता सकाळच्या पाळीची प्रमुख होती.

यानाचं नाव टिटवी. शाळकरी मुलांची स्पर्धा घेऊन ठेवलेलं. ‘टिटवी ओरडली की वाईट बातमी येते’ म्हणून वरच्या लोकांनी नाकं मुरडली होती, पण पोरांनी निवडलेलं नाव बदलणार कोण? त्यातून हे सिंहस्थाचं वर्ष. नाशकातले निम्मे रस्ते त्या तयारीत खणून ठेवलेले. कंपनीच्या जीपचा ड्रायव्हर रोज सकाळी न चुकता म्हणायचा, “मॅडम, गुरू सिंहेत बसलाय अन् तुमची टिटवी त्याला प्रदक्षिणा घालतीय. पुण्य सगळं तिलाच!”

काम मात्र पुण्याचं कमी आणि कारकुनीचं जास्त. सकाळी सात दहाला आदेशाच्या ओळी पाठवायच्या. आदेश उजेडाच्या वेगानं जातो, तरी त्याला गुरूपाशी पोचायला त्रेचाळीस मिनिटं लागतात. टिटवी तीच ओळ परत वाचून दाखवते, खाली ‘मिळालं, बरोबर आहे’ किंवा ‘चूक’ असं लिहून पाठवते, आणि ते उत्तर यायला आणखी त्रेचाळीस. म्हणजे एकूण शहाऐंशी मिनिटं. या शहाऐंशी मिनिटांत करायचं काय? खाली सखुबाईंच्या कँटीनमध्ये मिसळ खायची. तिच्या तर्रीचा वास शीतगृहाच्या भिंतींनाही आवरत नसे.

उत्तर नेमकं कधी येणार हे हर्षाली आदल्या दिवशीच सेकंदासह काढून द्यायची. ती पोरगी आकड्यांची राणी होती. पाळीवरचा मदतनीस राजू अहिरे ती वेळ सकाळीच नोंदवहीत ‘उत्तर आलं’च्या रकान्यात लिहून टाकायचा. मिसळ खाऊन वर यावं, पडद्यावर उत्तर येऊन बसलेलं असावं, पेनानं बरोबरची खूण करावी. यात काही गैर आहे असं कुणाला वाटायचं कारणच नव्हतं. टिटवीनं सहा वर्षांत एकदाही वेळ चुकवली नव्हती.

अडचण एकच होती, पण ती मोठी होती. अकरा दिवसांपूर्वी गुरूच्या भोवतालच्या किरणांच्या माऱ्यात टिटवीची सगळी आठवण पुसली गेली. येत्या गुरुवारी सकाळी अकराला तिनं एकोणीस मिनिटं इंजिन पेटवायचं होतं. ते नाही पेटलं, तर पुढच्या फेरीत ती गुरूच्या ढगांत पडणार आणि जळणार. म्हणून रोज नऊ-नऊ ओळी पाठवून तिला सगळं पुन्हा शिकवणं चाललं होतं. रोज उत्तर येत होतं, मिळालं, बरोबर आहे. सगळे खूश होते.

२

सोमवारी अंजलीची दाढ ठणकत होती. तर्रीचं नाव काढताच डोळ्यांत पाणी आलं, म्हणून ती वरच थांबली.

त्या खोलीत एकटं बसायची तिला सवय नव्हती. बाहेरचा एकही आवाज आत येत नाही. हायवेवर ट्रक जाताना दिसतात, एका भिंतीत पाडलेल्या एकुलत्या खिडकीतून, पण मुके. आवाज असतो तो यंत्रांच्या पंख्यांचा. आणि उत्तर आलं की एक लहानशी घंटी वाजते, टिंग.

टिंग.

तिनं सवयीनं पेन उचललं, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आठ एकोणीस.

वहीत राजूच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: आठ छत्तीस.

पडद्यावर नऊ ओळी नीट परत वाचलेल्या होत्या. मिळालं, बरोबर आहे. एक खूण तेवढी करायची. तिचा हात पुढे झाला आणि थांबला.

घड्याळ चुकलं असेल. तिनं मोबाइल पाहिला, आठ एकोणीस. पृथ्वी सध्या गुरूकडे सरकतेय, त्यामुळे वेळ रोज कमी होतो, हे खरं. पण तो कमी होतो पंधरा-सोळा सेकंदांनी, आणि हर्षाली ते गणितात धरते. सतरा मिनिटं नव्हे. कुणी गंमत करतंय म्हणावं, तर टिटवीची भाषा बोलणारं दुसरं यंत्र जगात नव्हतं.

उजेडापेक्षा लवकर काही येत नाही. एवढं तर नववीच्या पोरालाही ठाऊक असतं.

राजू ढेकर देत वर आला तेव्हा ती तशीच उभी होती.

“राजू, संगणकात प्रत्येक उत्तराची खरी वेळ साठते ना? ती काढ. टिटवीची आठवण पुसली, त्याच्या दुसऱ्या दिवसापासूनची.”

“का मॅडम, काही लोचा?”

“काढ तर.”

त्यानं यादी काढली. वहीतली वेळ एका बाजूला, खरी वेळ दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये फरक. पहिल्या दिवशी उत्तर एक सेकंद लवकर आलं होतं. मग दोन सेकंद. मग चार. आठ. सोळा. अकरा दिवस, रोज दुप्पट. अकराव्या दिवशी, म्हणजे आज, एक हजार चोवीस सेकंद.

राजू सटाण्याचा. ऑफिसात एरवी शुद्ध बोलायचा, पण आता त्याच्या तोंडून घरचीच भाषा निघाली. “हाई काय शे, मॅडम?”

३

मंगळवारी मिसळ कुणीच खाल्ली नाही. सखुबाई खालून ओरडून दमल्या.

अंजलीनं रात्रभर विचार करून एक युक्ती काढली होती. नऊ ओळींत तिनं मुद्दाम एक निरुपद्रवी दहावी ओळ घातली आणि तिच्यात एक आकडा चुकवला. सातच्या जागी चार. टिटवी असली ओळ हमखास परत पाठवते, ‘चूक’ म्हणून.

सात दहाला ओळी गेल्या. अंजली, राजू आणि हर्षाली खुर्च्या ओढून घड्याळासमोर बसले. राजूचा पाय तेवढा हलत होता.

आठ वाजून दोन मिनिटांनी टिंग. चौतीस मिनिटं लवकर.

“बघ दहावी,” अंजली म्हणाली.

हर्षालीनं पडद्यावर बोट ठेवलं आणि पटकन काढून घेतलं. दहावी ओळ परत आली होती. तिच्यात सात होता. खाली लिहिलं होतं, मिळालं, बरोबर आहे.

“ताई, आपण चार पाठवला होता ना?”

“चारच पाठवला होता.”

“मग यानं... दुरुस्त केलं?”

ते खऱ्या वेळेपर्यंत थांबले. आठ छत्तीस झाले, आठ चाळीस झाले, नऊ वाजले. खऱ्या वेळेला काहीही आलं नाही. उत्तराच्या वेळेची भीती एक वेळ बाजूला ठेवता आली असती, पण आता वेगळीच भीती समोर उभी राहिली. ही उत्तरं टिटवीची नसतील, तर टिटवीपर्यंत काहीच पोचलेलं नाही. बारा दिवस आपण शिकवतोय ते भलत्यालाच, आणि ती बिचारी कोरं डोकं घेऊन गुरूभोवती फिरतेय. परवा सकाळी अकराला तिला कळणारही नाही की आपल्याला काही करायचं होतं.

४

बुधवारी त्यांनी तबकडीची परीक्षा घेतली. समोरच्या अंगणात यानाशी बोलायची ती बत्तीस मीटर रुंदीची पांढरी तबकडी उभी असते. तिला दोन प्रकारे चालवता येतं. एक तर गणित सांगेल तिकडे ती तोंड करते, नाही तर मोकळी सोडली की आवाज जिथून येतो तिकडे आपली आपण वळते. राजूनं तिला मोकळी सोडली.

सात अठ्ठावीसला घंटी वाजली. आदेश जाऊन जेमतेम अठरा मिनिटं झाली होती. तबकडी गुरूवरून तसूभरही हलली नाही.

“म्हणजे जे काही आहे ते त्याच रेषेत आहे,” हर्षाली म्हणाली. “आपण आणि गुरू, यांच्या मधे. फक्त...”

“फक्त काय?”

“रोज अलीकडे.”

आता देवरे सरांना सांगणं भाग होतं. शेखर देवरे केंद्राचे प्रमुख, महिनाअखेरीस निवृत्त व्हायचे. टिटवीची पहिली रेघ त्यांनी कागदावर ओढली होती तेव्हा त्यांचे केस काळे होते. त्यांनी यादी पाहिली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि यादी पुन्हा पाहिली.

“हे वर कळवलं तर काय होईल, अंजली?”

“चौकशी बसेल. सगळं थांबवतील, सर.”

“किती दिवस?”

“पंधरा तरी.”

“आणि टिटवी उद्या संपेल.” त्यांनी यादीची घडी घातली. “मी कळवणार. लपवाछपवी मला जमत नाही. पण शुक्रवारी कळवेन. उद्याच्या आदेशावर सही पाळीप्रमुखाची लागते, म्हणजे तुझी. नको म्हणालीस तर मी तुला एका शब्दानं बोलणार नाही.”

“आणि दुप्पट होत राहिलं तर?” राजूनं दाराशी उभ्या उभ्या विचारलं. त्यानं तळहातावर पेनानं हिशोब केला होता. “आज अडुसष्ट मिनिटं लवकर आलं. उद्या एकशे छत्तीस. आपण सात दहाला विचारणार, अन् उत्तर येणार सहा वीसला. म्हणजे विचारायच्या आधीच!”

अंजलीला भीती वाटत होती, ती तिनं स्वतःपाशी कबूलही केली. पण त्या भीतीच्या खाली आणखी काहीतरी होतं, आणि ते म्हणजे टिटवी. नऊ वर्षं. लग्नाच्या दिवशीही तिनं हळदीच्या हातानं फोन करून टिटवीची खुशाली विचारली होती. तिला न सांगता मरू द्यायचं?

“मी सही करते, सर,” ती म्हणाली.

५

गुरुवारी अंजली सहालाच येऊन बसली. बाहेर नाशिकची बोचरी थंडी होती, खिडकीच्या काचेवर धुकं. राजू कानटोपी न काढताच आला, हर्षाली शाल गुंडाळून. देवरे सर मागे खुर्चीत हातावर हात ठेवून बसले.

आजचा आदेश एकच होता: अकराला इंजिन पेटव, अकराशे चाळीस सेकंद चालव. म्हणजे बरोबर एकोणीस मिनिटं. तो टाइप करून ठेवलेला होता. पाठवलेला नव्हता.

सहा एकोणीस. पंख्यांचा आवाज. राजूनं खुर्चीच्या हाताला धरलं होतं.

टिंग.

तिघांच्याही तोंडचं पाणी पळालं. सर मात्र उठून पडद्यापाशी आले आणि मोठ्यानं वाचू लागले, शाळेत धडा वाचावा तसे. “अकराला इंजिन पेटव. अकराशे बावन्न सेकंद चालव. मिळालं, बरोबर आहे.”

“बावन्न?” अंजली म्हणाली. “आपलं चाळीस आहे.”

हर्षाली आधीच वहीवर वाकली होती. तिची पेन्सिल झरझर चालली, अडली, मागे गेली. दहा मिनिटं गेली. मग तिनं डोकं वर केलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण डोळे चमकत होते.

“ताई, बावन्नच बरोबर आहे! आठवण पुसली तेव्हा टिटवी गरगरली होती ना, स्वतःला सावरायला तिनं थोडं इंधन जाळलं. त्यामुळे तिची कक्षा किंचित खाली आलीय. ते मी धरलंच नाही. चाळीसवर थांबलो असतो तर...”

“तर?”

“तरी पडलीच असती.”

हे म्हणजे अजबच झालं. तीन दिवस ज्याच्यापायी झोप उडाली होती, त्यानंच चूक दाखवून दिली होती, आणि तीही विचारायच्या आत. अंजलीच्या अंगावर काटा आला. त्याच क्षणी तिला मनापासून हायसंही वाटलं, आणि या दोन गोष्टी एकाच वेळी कशा वाटू शकतात याचं तिला नवल वाटलं.

तिनं चाळीस खोडून बावन्न केलं. सही केली. सात दहाला आदेश पाठवला.

६

अकरा त्रेचाळीसला कळणार होतं. तोवर खोली भरली. झाडलोट करणाऱ्या मालनबाईंपासून हिशेबनीस संघर्षपर्यंत सगळे अकरा जण येऊन भिंतीला टेकून उभे राहिले. सखुबाई पदराला हात पुसत दारात. यादीचं कोडं चौघांनाच माहीत होतं. बाकीच्यांचा जीव नुसत्या टिटवीसाठी टांगणीला लागला होता.

अकरा बेचाळीस.

पडद्यावर एक सरळ हिरवी रेघ होती. अंजली तिच्याकडे बघत राहिली. तिनं काही मागितलं नाही, कारण मागायचं कुणाकडे हे तिला कळेना.

रेघ हलली. आधी जराशी, मग ठसठशीत, चढत गेली. इंजिन पेटलं होतं.

“पेटलं!” हर्षाली किंचाळली. सर म्हणाले, “थांबा, थांबा, पूर्ण होऊ द्या,” आणि स्वतःच खुर्ची धरून खाली बसले. मग ती एकोणीस मिनिटं. अकराशे चाळीस सेकंद झाले आणि रेघ तशीच वर राहिली. एक्केचाळीस, बेचाळीस... अकराशे बावन्नला ती खाली आली, कात्रीनं कापल्यासारखी.

आणि मग त्या खोलीत जो गोंधळ झाला तो शीतगृहाच्या भिंतींनी कधी ऐकला नसेल. राजूनं कानटोपी उडवली. मालनबाईंनी हर्षालीची दृष्ट काढून बोटं मोडली. सर रडत होते आणि ते लपवत नव्हते. अंजलीला वाटलं आपण हवेत चालतोय. नऊ वर्षांत इतका आनंद तिला कधी झाला नव्हता. वाचली! टिटवी वाचली!

त्या गडबडीत टिटवीचं स्वतःचं पत्रक आलं. खूप अशक्त आवाजात, पण बरोबर वेळेवर, सेकंदाला सेकंद जुळून. हे मात्र खरंच तिचं होतं. तिची अडखळत बोलायची ढब अंजली झोपेतही ओळखेल. कक्षा ठीक. इंधन ठीक. इंजिन अकराशे बावन्न सेकंद चाललं.

शेवटच्या ओळीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. अंजलीचं गेलं.

‘शेवटचा आदेश मिळाला:’ आणि पुढे तारीख. दोन आठवड्यांपूर्वीच्या गुरुवारची.

त्यानंतर टिटवीला पृथ्वीवरून एक अक्षरही मिळालेलं नव्हतं. इंजिन पेटवा असं तिला नाशिकनं सांगितलेलंच नव्हतं. आणि तरी ते पेटलं होतं, बरोबर वेळी, बरोबर तितकंच.

७

दुपारी एक चाळीसला गुरू पश्चिमेला मावळला. पाळी संपली. राजूनं सिन्नरहून पेढे आणि एक ढोलवाला आणला होता. सगळे समोरच्या अंगणात उतरले. सरांना खांद्यावर घ्यायचा बेत चालला होता आणि सर “अरे, कंबर!” म्हणून ओरडत होते. राजू पेढ्यांचा पुडा अंजलीसमोर ठेवून गेला. “मॅडम, वही पुरी करा अन् या लगेच.”

ती एकटी उरली. खिडकीतून अंगण दिसत होतं, ढोलाची काठी वरखाली होताना दिसत होती, आवाज मात्र नव्हता.

तबकडी मोकळीच सोडलेली होती, कालपासून. गुरू मावळला तेव्हा ती क्षितिजाला टेकली होती आणि आता तिथंच स्वस्थ राहायला हवी होती.

ती हलत होती.

अंजलीला आधी वाटलं, वारा. बत्तीस मीटरचं लोखंड वाऱ्यानं हलत नाही, हे तिचं तिलाच आठवलं. तबकडी डावीकडे वळत होती, सावकाश, न थांबता, पश्चिमेकडून हायवेकडे. माणूस चालतो त्या वेगानं. जिथे ती बघत होती तिथे मोकळं रान होतं, मग हायवे, मग फाटक. तिथे कुणीही नव्हतं. फाटकात एक कुत्रं झोपलं होतं. ते उठलं, बाजूला झालं, शेपूट हलवली, आणि पुन्हा जागेवर जाऊन झोपलं.

तबकडी फाटकावरून आत वळली. अंगणातून गेली. खाली नाचणाऱ्यांपैकी राजूनं वर पाहिलं, तबकडी वळताना दिसली तशी त्यानं आनंदानं टाळ्या वाजवल्या. त्याला वाटलं असेल, मॅडमनी सलामी दिली. मग ती थांबली. तिचं पांढरं तोंड थेट खिडकीकडे होतं.

टिंग.

अंजलीनं पडद्याकडे पाहिलं नाही. मागेही पाहिलं नाही. मानेवरचे केस उभे राहिले होते. पळावं, हे सुचलं तिला. पण दार मागच्या बाजूला होतं.

आणि भीती कितीही असली तरी एक गोष्ट खरी होती. खाली सर नाचत होते. टिटवी जिवंत होती. हे ज्यानं केलं त्याला कुणी अजून साधं विचारलंही नव्हतं. गांगुर्ड्यांच्या घरात आलेल्याला तोंड गोड केल्याशिवाय कधी कुणी परत पाठवलं नव्हतं.

तिनं पुड्यातून एक पेढा घेतला. खाली अंगणातली माणसं मोजली. सखुबाई धरून सगळी होती. मग पेढा तळहातावर ठेवून तिनं हात मागे केला, वळून न बघता.

“घ्या,” ती म्हणाली. भीतीतही तिला हसू आलं. “तुमच्यामुळेच झालं हे.”

पंख्यांचा आवाज येत राहिला. ढोलाची काठी वर गेली, खाली आली.

तळहातावरचा पेढा कुणीतरी अलगद उचलून घेतला.